शेगडीच्या काचेवरची बोटं

माझ्या घरमालकीणबाई छत्री विकत घेण्याआधी ती दुकानाच्या बाथरूममध्ये नेऊन नळाखाली उघडून बघायच्या. खोटं नाही सांगत. मी स्वतः दाराबाहेर त्यांची पर्स धरून उभी होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांकडे बघून उगाचच हसत होते. आतून पाण्याचा आवाज येत होता. पाच मिनिटांनी बाई बाहेर आल्या, छत्री झटकली आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "ही गळते. दुसरी द्या."

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला मी त्यांच्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होते. त्याआधी आम्ही एकाच ऑफिसात होतो. मी प्रोग्रॅम लिहायचे आणि त्यातल्या चुका, म्हणजे बग, शोधायचं काम त्यांचं. तिथे सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, अगदी कालपरवा लागलेली पोरंसुद्धा. मला ते कधी जमलं नाही. कोल्हापूरच्या मुलीने आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायची म्हणजे जीभच अडते हो! मी पहिल्या दिवसापासून काकू म्हणाले आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. पण काकू म्हटलं म्हणून सूट मिळाली असं काही नाही. माझा पहिलाच प्रोग्रॅम त्यांनी तासाभरात परत पाठवला. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "काकू, माझ्याकडे चालतंय हो." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाप्पा! तुझ्याकडे चालते न? मग तुझाच कॉम्प्युटर पाठवून देऊ गिऱ्हाइकाला?"

काकू मूळच्या नागपूरच्या. तीस-एक हिवाळे मिनेसोटात काढूनही नागपूर काही त्यांच्या जिभेवरून उतरलं नव्हतं. रिटायर झाल्या, पण टेस्टिंग सुटलं नाही. आता ऑफिसचं काम नाही म्हटल्यावर सगळं जगच त्यांच्या तावडीत सापडलं. नवी बॅग घेतली की तिच्यावर बसून बघायच्या. डॉक्टरने गोळी दिली की "ही नाही घेतली तर काय होईल?" हा पहिला प्रश्न. मला खोली देण्याआधी त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात पिठलं करायला लावलं. मला वाटलं, चव बघतायत. छे! मी निघून गेल्यावर ओटा कसा ठेवलाय ते बघितलं त्यांनी. पिठलं चाखलंसुद्धा नाही.

त्यांचं पालुपद एकच. "सांगू नको, करून दाखव." हे त्या मला म्हणायच्या, प्लंबरला म्हणायच्या, एकदा तर हवामानाच्या बातम्या सांगणाऱ्या बाईला टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरीही काकूंच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू जोरात व्हायचं आणि त्या स्वतः ठसठशीत कुंकू लावायच्या. तिथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी दबक्या आवाजात विचारलंच असणार. त्यावर काकूंचं उत्तर आमच्या सगळ्या ऑफिसला पाठ होतं. प्रोग्रॅममध्ये काही बदल केला की आधी जे चालत होतं ते नंतरही चालतंय ना, हे पुन्हा तपासून बघतात. काकू म्हणाल्या, "ते तपासलं मी. आधी चालत होतं, आताही चालते. पुढचा प्रश्न?"

अशा बाईला वर्षभर एका शेगडीने झुलवलं.

झालं असं. शेगडी आली त्याच्या आदल्या हिवाळ्यात बर्फाळ पाऊस पडला, तारा तुटल्या आणि आमच्या भागातली वीज गेली. आता तिकडच्या घरांमध्ये तळघरात एक मोठी भट्टी असते, फर्नेस. ती गॅसवर हवा तापवते आणि पंख्याने घरभर सोडते. गॅस चालू होता. पण पंखा विजेवर! त्यामुळे पाइपात गॅस भरलेला आणि आम्ही दोघी सोफ्यावर दुलया गुंडाळून कुडकुडत बसलेल्या. काकूंना थंडीपेक्षा अपमान जास्त झाला होता. "हे कुणी पास केलं? गॅस आहे, आग आहे, आणि घर थंडं? असं डिझाइन पास करणाऱ्याला माझ्यासमोर आण." दुसऱ्या दिवशी बाथरूममधला पाइप गोठून फुटला आणि पाणी हॉलपर्यंत आलं.

काकूंची एकुलती एक लेक टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला राहते. तिला हे कळलं तेव्हा फोनवर ती आधी रडली, मग चिडली. तिच्यातही आईचंच रक्त. "आई, इनफ. सदुसष्ट वर्षांची आहेस तू. घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं."

"आणि तिथे काय करू?"

"काय करू म्हणजे? तुझी वेगळी रूम आहे. विथ बाथ."

फोन ठेवल्यावर काकूंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "तिथे माझी खोली असंन. इथे माझं घर आहे." एवढंच. बर्फ काढायला येणाऱ्या माणसाशी त्यांचं भांडण, लायब्ररीतली त्यांची खुर्ची, मंडळाच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग, अंगणातल्या खारीला शिव्या, सगळं इथे. ते उचलून एका खोलीत, विथ बाथ, कसं मावणार होतं?

दोघी मायलेकी महिनाभर वाद घालत होत्या. शेवटी तह झाला. लेक म्हणाली, पुढच्या जानेवारीत मी येते. वीज बंद करून एक अख्खा दिवस या घरात राहून दाखव. जमलं तर राहा इथे, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर मार्चमध्ये घर विक्रीला.

"डन," काकू म्हणाल्या. डोळे असे चमकले की मला भीतीच वाटली. रिटायर झाल्यापासून त्यांना इतकी मोठी टेस्ट मिळालीच नव्हती.

मी आईला फोनवर उत्साहाने सांगितलं, "आई, काकू गॅसची शेगडी घेतायत!" आई कोल्हापुरातून म्हणाली, "अगं बाई, म्हणजे इतके दिवस त्या स्वयंपाक कशावर करत होत्या?" मग तिला समजावून सांगितलं की ही शेगडी हॉलमध्ये ठेवायची, चार पायांची, लोखंडी, पुढे काच आणि आत आग. स्वयंपाक नाही, फक्त ऊब. आईला ते काही पटलं नाही. आग पेटवायची आणि वर साधा चहा ठेवायचा नाही, हा तिला शुद्ध वेडेपणा वाटला.

उन्हाळाभर आम्ही दुकानं पालथी घातली. बाहेर घामाच्या धारा आणि आम्ही आत आगीसमोर उभ्या! काकूंच्या पिशवीत मोजपट्टी, थर्मामीटर आणि पाण्याची बाटली. शहराबाहेरच्या एका दुकानात पांढऱ्या मिशीचे एक आजोबा होते, त्यांच्याशी काकूंचं जमलं. जमलं म्हणजे आधी कडाक्याचं वाजलं.

आजोबांनी पहिली शेगडी दाखवली ती दिसायला लई भारी. आत खोटे ओंडके, त्यांवर खोटी साल, खोटा निखारा. रिमोट होता आणि फोनवरूनही पेटायची. आजोबांनी फोनवर बोट टेकवलं आणि भप्पकन ज्वाळा आल्या. मी तर टाळ्याच वाजवल्या.

काकू म्हणाल्या, "प्लग कुठे आहे?"

"मागे. का?"

काकूंनी वाकून प्लग ओढला. ज्वाळा गेल्या. "नापास."

"पण मॅडम, आत बॅटरी बसवता येते. वीज गेली तर बॅटरीवर पेटते."

"आणि बॅटरी मेलेली आहे हे मला कधी समजंन? वीज गेल्यावर न?" हे त्यांनी इंग्रजीत विचारलं, पण सूर थेट सीताबर्डीचा. "आणि आग पेटवायला फोन? उद्या फोन म्हणंन, आधी अपडेट घ्या, मग शेक घ्या."

दुसरी शेगडी बिनधुराड्याची होती. भिंतीला भोक पाडायचं नाही, खर्च कमी. काकूंनी विचारलं, "मग जळलेली हवा जाते कुठे?" आजोबा प्रामाणिक माणूस. म्हणाले, "खोलीतच राहते. मी माझ्या आईला ही दिली नसती." तिथून पुढे काकू त्यांच्याशी जरा बऱ्या बोलायला लागल्या.

मग त्यांनी आम्हाला कोपऱ्यातली एक शेगडी दाखवली. बुटकी, काळी, काही नखरा नाही. जळायला लागणारी हवा ती बाहेरूनच घेते आणि धूर बाहेरच सोडते, एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांनी, सरळ भिंतीतून. आत खाली एक इवलीशी ज्योत सतत जळत असते. त्या ज्योतीच्या उष्णतेवर एक तुकडा तापतो आणि त्यातून चिमूटभर वीज तयार होते, मोठा जाळ चालू करायचा गॅस सोडायला पुरेल एवढीच. बाहेरच्या विजेचा काही संबंध नाही. आजोबांनी हे सांगेपर्यंत काकू गुडघ्यांवर बसून आत डोकावत होत्या.

"अगं ए," त्या मला ओरडून म्हणाल्या, "इकडे ये, पाह्य! हा तर नंदादीप आहे!"

मी वाकून पाहिलं. खरंच, देवघरातल्या समईत असते तेवढीच निळी कळी. काकूंनी प्लग शोधला. प्लगच नव्हता! त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी माझ्या कुठल्याच प्रोग्रॅमवर कधी पाहिला नाही.

आजोबा खूश होऊन म्हणाले, हिचाच मोठा आकार घ्या, अख्खं घर तापेल. काकूंनी मान हलवली. "नागपुरात लोकं लहानशा खोलीला भला मोठा कूलर लावतात. मग खोलीत ओल येते, पापड सादळतात आणि रात्रभर भांडणं होतात. मला माझ्या हॉलपुरती द्या." आणि त्यांनी हॉलची लांबी, रुंदी, खिडक्या, छताची उंची असं घडाघडा सांगितलं.

कूलरचं एवढं काय ते मला नंतर कळलं. नागपुरात उन्हाळा लागला की माळ्यावरून कूलर काढणं हा सोहळा असतो म्हणे. घरातला प्रत्येक जण सल्ला देतो, वाळ्याच्या ताट्या बदलतात, शेजारचे येऊन हात लावून जातात आणि पहिली गार झुळूक आली की सगळे त्याच्यासमोर ओळीने बसतात. काकूंनी हा सगळा सोहळा ईडन प्रेरीत उलटा करायचं ठरवलं. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्यांनी मंडळातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. आग्रहाचं निमंत्रण, शेगडीच्या उद्घाटनाचं! शेगडी त्याच्या आधीच्या सोमवारी बसणार होती.

सोमवारी शेगडी बसवणारा माणूस आलाच नाही. कुठला तरी भाग यायचा होता. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी सकाळी तो ट्रक घेऊन दारात उभा.

आता इथे खरी पंचाईत होती, आणि ती काकूंना माहीत होती, कारण शेगडीचं माहितीपुस्तक त्यांनी कादंबरी वाचावी तसं वाचून काढलेलं. नवी शेगडी पहिल्यांदा पेटवली की तिचा रंग भाजतो. काही तास उग्र वास येतो, थोडा धूर येतो, खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या. बाहेर उणे पंधरा!

मी म्हटलं, "काकू, हळदीकुंकू कॅन्सल करा."

"बोलावणं देऊन कॅन्सल? तुमच्या कोल्हापुरात करतात काय असं?"

मग काय! माणसाने भिंतीला भोक पाडलं, नळी बसवली, गॅसची जोडणी केली. शहराची परवानगी आधीच काढलेली होती, दुपारी तपासनीसही येऊन बघून गेला. काकू टॉर्च घेऊन सगळ्यांच्या पाठीशी. जोडणीच्या प्रत्येक सांध्याला त्यांनी ब्रशने साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघितलं. तो माणूस हसून म्हणाला, "मॅडम, हे आत्ताच मी केलं." काकू म्हणाल्या, "तुम्ही केलं. मी पाहिलं नाही." त्याने काही मनावर घेतलं नाही. दोन बश्या तर्रीपोहे खाऊन, घाम पुसत, जाताना त्याने शेगडीची काच फडक्याने लख्ख पुसली आणि बजावून सांगितलं, काचेला हात लावू नका. पेटवण्याआधी बोटाचा डाग राहिला तर तो भाजून कायमचा बसतो.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "पान नंबरसकट माहीत आहे."

संध्याकाळी बायका आल्या. पैठण्या, नारायणपेठी, नथी, आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचे जाडजूड कोट! कारण खिडक्या उघड्या. काकूंनी शेगडीची पूजा केली. अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं, आणि मग, अहो काय सांगू, नव्या वस्तूला लावतात तशी, सवयीने, ओल्या हळदकुंकवात बुडवलेली पाच बोटं त्यांनी शेगडीच्या काचेवर ओढली.

मी ओरडले, "काकू, काच!" पण त्याच क्षणी त्यांनी दुसऱ्या हाताने बटण फिरवलं होतं. भप्प! जाळ आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग वास आला. मग धूर आला. मग छतावरचा अलार्म कोकलायला लागला. सगळ्या बायका हळदीकुंकवाची तबकं घेऊन अलार्मला वारा घालतायत, वाणाच्या वाट्या गडगडतायत, खिडकीतून बर्फ आत येतोय, आणि मधोमध काकू आनंदाने लालबुंद होऊन ओरडतायत, "घाबरू नका! हे अपेक्षित आहे! हे पुस्तकात आहे!" इतकी हसले मी त्या दिवशी की पोट दुखायला लागलं. शेगडीचं उद्घाटन बघायला आलेल्या बायका थंडीने काकडून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी थंड काच घासली, लिंबू लावलं, सोडा लावला. पाच करड्या रेघा काही हलल्या नाहीत. मी हळूच विचारलं, "काकू, हा बग कुणाच्या नावावर?"

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "शेगडीत बग नाही. युजर एरर आहे."

"युजर कोण?"

"जास्त बोलून राहिली तू."

त्यानंतरचे दिवस सोन्याचे होते. बाहेर पांढरंशुभ्र, आत ती काळी बुटकी शेगडी मिणमिणतेय आणि समोर आम्ही दोघी. पण माझं मन काही स्वस्थ नव्हतं. मला कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला नोकरी मिळाली होती. फेब्रुवारीत जायचं होतं. म्हणजे या घरात काकू एकट्या. लेकीलाही ते माहीत होतं आणि म्हणूनच ती जानेवारीची टेस्ट आता नुसती गंमत राहिली नव्हती. त्या एका दिवसावर काकूंचं घर होतं.

त्याच दिवसांत एका सकाळी मी वर आले तर काकू शेगडीसमोर पाटावर बसून उजवा अंगठा चोळत होत्या. "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही, जरा भाजलं." मी फार लक्ष दिलं नाही. त्यांच्या बोटांना संधिवात होता, लोणच्याच्या बरण्यांची झाकणं त्या नेहमी माझ्याकडूनच उघडून घ्यायच्या.

लेक आली. संक्रांतीच्या आसपासचा शनिवार. उंच, सडपातळ, आईसारखीच चष्म्यावरून बघणारी. "सो, हीच ती शेगडी?" तिने काचेवरच्या रेघा पाहिल्या. "हे काय?"

"ते सोड," काकू म्हणाल्या.

सकाळी चहा झाल्यावर लेकीने स्वतः जाऊन घराचा मेन स्विच पाडला. फ्रिज बंद झाला. तळघरातली भट्टी एक उसासा टाकून थांबली. आधी कधी लक्षात न आलेले आवाज सगळे गेले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. काकूंनी शेगडीचं बटण फिरवलं. जाळ आला. हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत लेकीने थर्मामीटर ठेवले आणि दर थोड्या वेळाने फिरून बघत राहिली. बाहेर असली थंडी की खिडकीच्या कडेला आतून बर्फ धरला. काकूंनी नळ बारीक सोडून ठेवले, पाइप गोठू नयेत म्हणून. झोपायच्या खोलीत दुपारपर्यंत तोंडातून वाफ यायला लागली. पण हॉल? हॉलमध्ये आम्ही साध्या स्वेटरवर बसून बदाम सात खेळलो. काडीने गॅस पेटवून काकूंनी मुगाची खिचडी केली, वर तिळाच्या वड्या. लेक तीन डाव हरली. शेगडी ढिम्म, न थकता जळत होती.

माझं मन नुसतं थुईथुई नाचत होतं. मी दर वेळी थर्मामीटर बघायला लेकीच्या मागे मागे जायचे आणि परत येताना काकूंना डोळा मारायचे. काकू मात्र त्या दिवशी गप्प गप्प होत्या. मला वाटलं, परीक्षेची धास्ती.

संध्याकाळ झाली, अंधारून आलं. लेकीने चहाचा कप खाली ठेवला. "ओके, आई. यू विन. राहा इथे. मी आता नाही बोलणार."

मी उठून उडीच मारणार होते.

"थांब," काकू म्हणाल्या. "एक बग आहे."

मी डोळ्यांनी खुणावलं, काकू, गप्प बसा. जिंकलात तुम्ही. आता कशाला? पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या वाकल्या, शेगडीखालचं झाकण उघडलं आणि बटण पूर्ण बंद केलं. जाळ गेला. ती आतली निळी कळीसुद्धा गेली.

"ही विझली की परत पेटवायला हे बटण दाबून धरावं लागते," त्या लेकीला म्हणाल्या. "मिनिटभर. तो तुकडा तापेपर्यंत. आधी बसवणाऱ्या माणसाने पेटवली, मग हिने पेटवली. मी महिनाभर करून पाहून राहिले." त्यांनी अंगठा बटणावर ठेवला आणि दाबलं. दुसऱ्या हाताने ठिणगीचं बटण टक्‌ टक्‌ केलं. कळी पेटली. काकूंच्या कपाळावर शीर तटतटली. अंगठा थरथरायला लागला, सटकला, आणि कळी विझली.

"मला नाही जमत," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं. "गॅस कधी बंद झाला, ही विझली, आणि मी एकटी असली, तर मला नाही पेटवता येणार. हे तुला सांगितल्याशिवाय पास घेणं बरोबर नाही."

मला रडू यायला लागलं. त्यांचा रागही आला. छत्री नळाखाली धरणारी बाई, स्वतःचं घरही नळाखाली धरलं तिने! खोली हळूहळू गार व्हायला लागली होती.

लेक उठून आईशेजारी जमिनीवर बसली. "परत कर. मला बघू दे."

"झालं न बघून."

"आई. सांगू नकोस, करून दाखव."

काकूंनी चमकून पाहिलं. मग परत दाबलं. परत सटकलं. लेक खाली वाकून, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून बघत होती. "तू फक्त थंबने दाबतेस. सगळा लोड तिथेच येतोय." ती उठली, मोबाइलच्या उजेडात स्वयंपाकघरात गेली, तिथे काहीतरी खडखडलं आणि ती हातात खलबत्त्याचा बत्ता घेऊन आली. वेलदोडे कुटायचा, पितळी, नागपूरहून आणलेला. "हे धर. सपाट बाजू बटणावर. वरून तळहात. बोटं नको वापरू, खांद्याने दाब. पाटावर बस आधी."

काकू पाटावर बसल्या. बत्ता बटणावर टेकवला, तळहात ठेवला आणि पुढे झुकल्या. टक्‌. टक्‌. कळी पेटली. काकूंनी डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात सतराचा पाढा सुरू केला. तो संपला तसा एकोणतिसाचा धरला. पाढा संपला. त्यांनी हळूच बत्ता उचलला.

कळी तशीच. निळी, सरळ, शहाण्यासारखी.

मी किंचाळले! लेकीने आईला मिठी मारली, बत्त्यासकट. "आई! बग क्लोज्ड!"

"हो बाजूला," काकू म्हणाल्या. हेका कायम. "ज्याने दुरुस्त केलं त्याने क्लोज करायचं नसते. तो टेस्टरचा हक्क आहे." आणि त्यांनी ती कळी पुन्हा विझवली! आमच्या दोघींच्या तोंडून आई गं निघालं. पण त्यांनी पहिल्यापासून सगळं एकटीने केलं. बत्ता, तळहात, ठिणगी, पाढे. पेटली. मग बटण फिरवलं आणि भप्पकन तो सगळा सोनेरी जाळ काचेमागे उभा राहिला.

"आता क्लोज," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मी आता क्युपर्टिनोत आहे. इथे थंडी म्हणजे एक पातळ जॅकेट. पण ईडन प्रेरीत पहिला बर्फ पडला की काकूंचा फोन येतो. "ऐक," एवढंच म्हणतात आणि फोन शेगडीजवळ धरतात. टक्‌ टक्‌ ऐकू येतं, मग पुटपुटलेले पाढे, मग भप्प. मी इकडे आनंदाने ओरडते आणि ऑफिसातले लोक वळून बघतात. तो बत्ता शेगडीपाशीच असतो. वेलदोडे कुटायला काकूंनी दुसरा आणला.

पण मला आठवते ती लेक निघाली ती सकाळ. वीज सुरू केलेली, शेगडी बंद, काच गार. टॅक्सी दारात. काकूंनी रीतीप्रमाणे तिची ओटी भरली, हळदकुंकू लावलं. लेक वाकून पाया पडली. मग सरळ होता होता तिने तबकातल्या ओल्या कुंकवात पाच बोटं बुडवली आणि शेगडीच्या काचेवर, आईच्या करड्या रेघांच्या बाजूला, सावकाश ओढली.

काकू किंचाळल्या, "अगं, काच! काचेला हात नको! भाजून कायमचं बसंन ते!"

"आय नो," लेक बूट घालत म्हणाली. "युजर एरर, आई."

टॅक्सी वळणापलीकडे गेली. काकू ओलं फडकं घेऊन शेगडीसमोर आल्या. मी बघत होते. त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, त्या लाल ओल्या बोटांकडे बघत. मग त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं, वाकल्या आणि शेगडी पेटवली.